गयाबाईचं चिबड

बाई,

तुझ्या तेराव्याला मेडशीतली निम्मी माणसं आपल्या दारात येऊन बसली होती. गेलेल्या माणसाबद्दल गाव चांगलंच बोलतं, तसं तुझ्याबद्दलही बोललं. गया कष्टाची होती, गयाच्या हातची मेथी बाजारात सगळ्यांच्या आधी संपायची, गयानं भावाचा संसार आपला मानला. सगळं खरं होतं. मी मान हलवत होतो. पण ज्या एका गोष्टीवरून ह्याच लोकांनी तुला वर्षानुवर्षं वेडी ठरवलं, तिचं नाव कोणी काढलं नाही. म्हातारा किसन तेवढा उठताना म्हणाला, "लय चांगली होती बापा. थोडी येडी होती, पन चांगली होती." सगळे त्याच्याकडं रागानं पाहायला लागले. मला मात्र त्या दिवसभरात तेवढंच एक वाक्य तुझ्याबद्दलचं वाटलं.

म्हणून लिहायला बसलो. तुला अक्षरओळख नव्हती. गावाच्या पोरांना वीस वर्षं शिकवणाऱ्या मास्तराच्या घरात तू अंगठा उठवत राहिलीस, आणि आता तू नाहीस तेव्हा मी तुला कागद लिहितोय. तू ऐकलं असतंस तर म्हणाली असतीस, "बापू, हे पुस्तकातलं काहून बोलून राह्यला? नीट बोल ना." नीट बोलायचा प्रयत्न करतो.

मानमोडीच्या साथीत तुझा नवरा गेला आणि बाबा बंडी जुंपून तुला घरी घेऊन आले. तू अठराची होतीस, मी सोळाचा. पुढचं सबंध वर्ष तू कामापुरतंच तोंड उघडलंस. वाफे ओढणं, मिरची तोडणं, मेथीच्या जुड्या बांधणं. घरी बायका हळदीकुंकवाला जमल्या की कोणी काही म्हणायच्या आत तू विळा उचलून मळ्याच्या वरच्या अंगाला निघून जायचीस. तिथं ते चिबड होतं. जंगलाच्या उताराला लागून पाव एकराचा तुकडा. पावसाळ्यापासून मार्गशीर्षापर्यंत त्याच्या पोटातून पाणी झिरपत राहायचं. बैल गेला तर गुडघ्यापर्यंत रुतायचा. लव्हाळं आणि बोटभर गवत, बाकी काही म्हणून उगवत नव्हतं. बाबा म्हणायचे, देवानं जमीन वाटताना हातात उरलेला चिखल इथं झटकला.

भादव्यातल्या एका सकाळी तू तिथून मला हाक मारलीस. वर्षभरात तुझा आवाज एवढा चढलेला ऐकला नव्हता. मला वाटलं साप असेल. खुरपं टाकून पळत आलो.

"बापू, वाक. अजून खाली वाक. हे पाह्य, काय करून राह्यलं."

जमिनीला चिकटून, ढब्बू पैशाएवढी, लालसर झाडं होती. पन्नास असतील, शंभर असतील. प्रत्येकाची पानं चक्रासारखी गोल मांडलेली, प्रत्येक पानावर केस, आणि केसाकेसाच्या टोकाला एकेक थेंब.

"मले वाटलं दव हाय," तू म्हणालीस. "पन दव ह्या वख्तापर्यंत राह्यते काय?"

तू बोट लावलंस. पाकाची तार निघावी तशी तार निघाली. शेजारच्या पानावर एक बारीक माशी बसली होती. पाय सोडवू पाहत होती आणि जास्तच गुंतत होती. आपण दोघं उकिडवे बसून पाहत राहिलो. ऊन पाठीवर आलं तोवर पानाचे केस त्या माशीवर वाकले होते.

"खाते मा हे!" तू म्हणालीस, आणि हसलीस.

विधवा होऊन आल्यापासून तुला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. ती झाडं मला त्या दिवशी आवडली ती एवढ्यासाठीच. तुला ती त्यांच्यासाठी आवडली. हा फरक मला फार उशिरा कळला.

गावात त्या झाडाला नाव नव्हतं. गुरं खात नाहीत, औषधाला लागत नाही, मग नाव कोण ठेवणार? तू चिकटी म्हणायला लागलीस. दरवर्षी पोळ्याच्या आसपास "चिकटी आल्या" अशी तू वर्दी द्यायचीस, माहेरवाशिणी आल्यासारखी.

मी मास्तरकी शिकायला अकोल्याला गेलो. तिथं आमच्या गुरुजींकडं काचेच्या बरणीत एक पान ठेवलेलं होतं, आसामच्या डोंगरातून कोणी आणून दिलेलं. घटपर्णी, गुरुजी म्हणाले. पानाच्या टोकाला वीतभर लांब लोटा, लोट्याला काठ, वर झाकण. काठावर बसलेली माशी घसरून आत पडते आणि झाड तिला पचवतं. मी वर्गात उभं राहून आपल्या चिबडातलं झाड कसं दिसतं ते सांगितलं. गुरुजी खूश झाले. म्हणाले, "ते दवबिंदू नावाचं झाड. ह्याच्याच चालीचं. ज्या जमिनीत कस नसतो तिथं ही झाडं राहतात, आणि माती देत नाही ते किड्यांकडून घेतात. त्यांना सकस माती सोसत नाही. पाणी हटलं, नांगर लागला की गेलीच. घटपर्णीच्या डोंगरांनाही आता कुऱ्हाड लागली आहे म्हणतात." मी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. परीक्षेला येईल म्हणून.

दिवाळीच्या सुटीत ओसरीवर मिरच्या निवडत बसलो असताना तुला त्या लोट्याचं सांगितलं.

"लोटा? झाडाले?"

"हो. वर झाकण."

"झाकन कायले?"

"पावसाचं पाणी जास्त भरू नये म्हणून."

तू बराच वेळ देठं खुडत राहिलीस. मग म्हणालीस, "मंग आपली चिकटी त्याची लहान बहीन म्हना. गरिबाच्या घरी देल्ली." आणि थोड्या वेळानं, "तुमच्या गुरुजीच्या बरनीत ते काय खाते?"

"बाई, मेलेलं आहे ते. औषधात ठेवलेलं."

"मंग तुमी पाह्यलं तं काय पाह्यलं?"

पुढल्या खेपेला त्याचं चित्र काढून आणतो, असं सांगून विषय संपवला. ते चित्र मी आणलं नाही. तू चार-पाच वेळा आठवण करून दिलीस, मग सोडून दिलंस.

आता विहिरीवर येतो. आलं पाहिजे.

बाबा गेले, मला गावच्याच शाळेत नोकरी लागली, सखू लग्न होऊन आली, मुलं झाली. त्यात लागोपाठ दोन उन्हाळे खालची जुनी विहीर आटली. वांगी उभी वाळली. मोटेचे बैल नुसते दावणीला उभे. मी पाणाड्याला बोलावलं. तळहातावर नारळ आडवा धरून तो सगळा मळा फिरला आणि चिबडात पाय ठेवताच नारळ उभा राहिला. तू बांधावर उभी होतीस.

"चिबडात पानी हाय हे सांगाले नारळ कायले पाह्यजे?" तू म्हणालीस. "बेडकाले इचारलं असतं तं त्यानंही सांगतलं असतं."

लोक हसले. मी हसलो नाही. घरी आल्यावर तू सरळच बोललीस.

"बापू, इहीर खंद. मी नोको नाई म्हनत. पन तीस पावलं खाली खंद."

"खाली खडक आहे बाई."

"खडक तुह्या डोक्यात हाय."

"घरात आठ माणसं खाणारी आहेत. त्या झाडाला कोण खातं, सांग?"

"कोनी खात नाई म्हनूनच तं ते आजवर उरलं."

मी चिडलो. जे बोलू नये ते बोललो. म्हणालो, "तुझी आहे का ही जमीन?"

तू पदर सावरलास आणि चुलीपाशी जाऊन भाकरी थापायला लागलीस. त्या रात्री सगळ्यांना वाढलंस, मलाही. आपलं भांडण तिथंच थांबलं. संपलं नाही, थांबलं. त्या वाक्याची माफी मी तुझ्याकडं कधी मागितली नाही. उद्या मागू, सणाला मागू, असं करत राहिलो, आणि मग इतकी वर्षं झाली की मागणं म्हणजे जुनी जखम उकरणं वाटायला लागलं.

विहीर खंदली. चिबडातच. सुरुंग उडाला की तू असशील तिथं डोळे मिटून घ्यायचीस. पुरुषभर खोलीवर ओल लागली, आणखी खाली तीन बाजूंनी झरे फुटले. गावानं नारळ फोडला. मी आनंदात होतो, ते लपवत नाही. मोटेचं पहिलं पाणी थारोळ्यात पडलं तेव्हा सखू रडली होती.

त्या भादव्यात चिबड पायाखाली घट्ट लागलं. सगळा पाझर विहिरीनं ओढून घेतला होता. एका कडेला थोड्या चिकटी आल्या, नखाएवढ्या, फिक्या. पोळ्याला तू वर्दी दिली नाहीस. एक दिवस शाळेतून आलो तर तू फुटक्या रांजणाचं बूड घेऊन अंगणात बसली होतीस. वांग्याच्या रोपासाठी राखलेली काळी माती त्यात घातलीस, चाळलेलं शेणखत घातलंस, ढेकळासकट चिकटी आणून हळूहळू बसवल्यास. मी चार हातांवर हजेरीपट लिहीत बसलो होतो. मान वर करून पाहिलंही होतं.

आठ दिवसांत त्या काळ्या पडल्या.

"मेल्या," तू म्हणालीस. "एवढं खायाले देल्लं, तरी मेल्या."

तेव्हा मला वही आठवली. मी म्हणालो, "बाई, त्यांना सकस माती चालत नाही. गुरुजींनी सांगितलं होतं."

तू माझ्याकडं पाहिलंस. "तुले मालूम होतं?"

बाई, शपथेवर सांगतो, मुद्दाम नाही केलं. मला आठवलंच नाही. पण ज्याचं माणसाला काही वाटत नाही तेच तो विसरतो, हे तुला तेव्हा समजलं असणार. तू रांजणाचं बूड उचलून उकिरड्यावर पालथं केलंस.

त्यानंतर तुझं ते वेड सुरू झालं. उरलेल्या दोन-चार झाडांचं बी, धुळीसारखं बारीक, तू कपाळाच्या घामानं बोटाला चिकटवून गोळा केलंस आणि पदराच्या गाठीत बांधलंस. घाटातल्या ओहोळाच्या कडेला टाकून पाहिलंस, थारोळ्याच्या बाजूला टाकलंस, मसणवट्याजवळच्या दलदलीतही टाकलंस. काही उगवलं नाही. बाजारात भाजीच्या पाटीमागं बसल्या बसल्या तू परगावच्या माणसांना विचारायचीस, "दादा, तुमच्या शिवारात माशी खानारं झाड हाय काय?" लोक एकमेकांकडं पाहून हसायचे. मला शाळेत येऊन सांगायचे, "मास्तर, बाईले आवरा." मी घरी येऊन तुला आवरायचा प्रयत्न करायचो. तू म्हणायचीस, "इचारलं तं काय बिघडलं?"

आणि एकदा एका धनगराला ते झाड ठाऊक निघालं. किन्हीराजा गावाकडं त्याच्या मेंढ्यांचा माळ होता, त्याच्या उताराला ओली जागा, तिथं लाल चिकट झाडं, मेंढीच्या लोकरीला लागतात म्हणाला. तू त्याला फुकट दोन शेर वांगी दिलीस. रविवारी मी बंडी जुंपली. वाटेत तू इतकं बोललीस, इतकं बोललीस! लहानपणची सासरची वाट, नवऱ्यानं एकदा आणलेली निळ्या काचेची बांगडी, सगळं. नवऱ्याचं नाव तुझ्या तोंडून मी त्याच दिवशी ऐकलं.

दुपारी पोहोचलो. धनगर पुढं चालत होता. टेकाड चढून उतरला आणि थांबला. समोर काळं रान उघडं पडलं होतं. ओल निघून जावी म्हणून मधून खोल चारी काढलेली, दोन्ही बाजूंना कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या ओळी, गुडघ्याएवढ्या.

"मागच्या साली तं होतं, माय," तो म्हणाला. "माळ पट्ट्यानं वाह्याले देल्ला वाटते कोनाले."

पऱ्हाटी खुरपणारी एक बाई उभी राहिली. तू तिलाही विचारलंस.

"असन बापा," ती म्हणाली. "निंदनात गेलं असन. आमी काय पाहून उपटतो?"

तू चारीत उतरलीस. दोन्ही बाजू हातानं चाचपत शेवटापर्यंत गेलीस आणि परत आलीस. बंडीत बसल्यावर म्हणालीस, "चाल बापू. अंधार पडला म्हंजे बैलाले दिसत नाई." घरी येईपर्यंत मी दोनदा बोललो, तू हुं केलंस.

पुढच्या वर्षी मी चिबड नांगरलं. मोकळं ठेवून काय करायचं होतं? कांदा लावला. कांदा चांगला आला. निंदायला तू आलीस, काढायला तू आलीस, बाजारात विकायला तूच बसलीस. त्यानंतर दोन वर्षांनी शेजारच्या नामदेवानं आपल्या बांधापलीकडं विहीर खंदली. आपल्या विहिरीपासून जेमतेम तीस-पस्तीस पावलं खाली. मुरूम लागला, थोडा खडक लागला, मग पाणी लागलं. भरपूर लागलं. सगळं गाव पाहायला गेलं, तूही गेलीस. घरी आल्यावर मी तुझ्या बोलण्याची वाट पाहत होतो. तू म्हणालीस, "नामदेवाच्या घरी जेवन हाय, सखूले तयार राह्य म्हना." तू तेव्हा मला शिव्या द्यायला पाहिजे होत्यास, बाई.

आणि पाण्याचं. ते मला सखूनं दाखवलं, नाही तर कळलंही नसतं. एक दिवस ती म्हणाली, "बाई आपल्या इहिरीचं पानी पेत नाई, तुमच्या ध्यानात आलं काय?" मी पाहायला लागलो. खरंच. त्या पाण्यावर तू मळा भिजवायचीस, भांडी घासायचीस, मुलांना न्हाऊ घालायचीस. पण तुझ्या कोपऱ्यात तुझी वेगळी घागर होती, आणि ती तू नदीच्या वाळूतल्या झिऱ्यावरून भरून आणायचीस. पावसात, थंडीत, पाय सुजले तेव्हासुद्धा. मी एकदाच विचारलं.

"मले नदीचं गोड लागते," तू म्हणालीस.

"आपल्या विहिरीचं त्याहून गोड आहे. सगळं गाव म्हणतं. चाखून तर पाहा."

"पेईन कधी तरी."

सतरा वर्षं तू प्यायली नाहीस. रुसून नव्हे, तोंड फुगवून नव्हे. माझी मुलं तू वाढवलीस, माझ्या दुखण्यात तू जागलीस, सखूला एकदा माझ्या हातून मार बसता बसता तू मध्ये उभी राहिलीस. घरातल्या प्रत्येक गोष्टीत तू होतीस. फक्त त्या पाण्यात नव्हतीस. आणि मी सतरा वर्षं मनात धरून होतो की एक दिवस तू त्या विहिरीचा घोट घेशील आणि चांगलं म्हणशील, मग आपलं मिटेल.

ह्या वैशाखात तुला ताप भरला. वैद्याच्या पुड्या झाल्या, वाशीमहून डॉक्टर आणला. लढाईमुळं औषध मिळत नाही म्हणून त्यानं हात वर केले. नदी कोरडी ठाक. झिऱ्याला पुरुषभर वाळू उपसली तरी ओल लागेना. सखू दोन कोस चालून वरच्या डोहावर गेली, तिथं गुरांनी केलेला गाळ. तुझी घागर रिकामी पालथी होती. दुपारी तू डोळे उघडलेस आणि ओठ हलवलेस. मी विहिरीवर गेलो, तांब्या भरून आणला, तुला टेकवून बसवलं, वाटी ओठांना लावली.

तू तोंड बाजूला केलंस. "कोनतं हाय?"

"नदीचं," मी म्हणालो.

तू वाटीभर प्यायलीस. पुन्हा मागितलंस, पुन्हा दिलं. मग मागं टेकलीस आणि म्हणालीस, "गोड हाय."

हाच शब्द मला ऐकायचा होता, बाई. तो असा ऐकला. मला तुझ्याकडं पाहवेना, म्हणून तांब्या घेऊन उगाच बाहेर गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. त्या मधल्या वेळात तुला पाजलेलं पाणी सगळं विहिरीचं होतं.

तुला कळलं होतं का? तेराव्यानंतर मी सखूला सगळं सांगितलं आणि हेच विचारलं. ती म्हणाली, "जिनं सतरा वर्सं दोन पानी येगळे ठेवले, तिले चव समजली नसन काय?" पदरानं डोळे पुसून पुन्हा तीच म्हणाली, "पन तापात जिभेले चव तरी कुठं राह्यते." दोन्ही उत्तरं देऊन ती कामाला लागली.

विहीर मी बुजवणार नाही. तिच्यावर आता तीन घरं जगतात. तू असतीस तर तूही बुजवू दिली नसतीस, असं मी मनाला सांगतो. पण ते तुझ्या तोंडून ऐकलेलं नाही, म्हणून टिकत नाही. "तुझी आहे का ही जमीन" ह्या बोलण्याची माफी मागतो. नदीचं म्हणून सांगितलं, त्याची माफी मागतो. चिबडाची कशी मागायची ते मला समजत नाही.

काल शाळेत चौथीच्या मुलांना झाडांचा धडा होता. पुस्तकात नव्हतं तरी मी त्यांना चिकटीचं सांगितलं. लाल पानं, उन्हातही न वाळणारे थेंब, माशी कशी गुंतते, केस कसे वाकतात. मुलं एकमेकांना कोपरखळ्या मारायला लागली. नामदेवाची नात उभी राहिली.

"मास्तर, झाड कुठं माशी खाते काय? दाखवा ना आमाले."

उद्या दाखवतो, असं माझ्या तोंडून निघणार होतं. गिळलं. त्यांना खाली बसवलं आणि पाटीवर काढायला सांगितलं, मी सांगेन तसं. गोल मांडलेली पानं, कडेनं केस, असं सांगत गेलो. मुलांनी सूर्यफुलं काढली.